परतफेडीचे दोन दिवस

व्हर्नाच्या मुलीने, आयलीनने, दुसरं लग्न केलं आणि चर्चच्या तळघरातल्या जेवणात नवा व्याही जास्त पिऊन टेबलासकट आडवा झाला, त्या वर्षीचा हा हिवाळा. सगळे त्या व्याह्याकडे धावले. त्याच वेळी वर जाणाऱ्या जिन्यात व्हर्ना श्वास लागून बसली होती, ओठ निळसर पडलेले, हे बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं. हृदयाची एक झडप खराब झाली आहे, असं डॉक्टरांनी पुढे सांगितलं. लेलंडच्या लक्षात आलं नव्हतं. तो तिचा भाऊ, तिच्याहून बराच लहान, आई गेल्यावर तिच्याच हाताखाली वाढलेला. पण तेव्हा तो नवरीच्या एका मैत्रिणीला विमान कंपनीचा नवा करार किती नालायक आहे हे समजावून सांगत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी, न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समधल्या एका लॉन्ड्रीत कॅप्टन लेलंड कांगस आपले पांढरे शर्ट यंत्रात गरगरताना बघत बसला होता आणि त्याचा फोन वाजला. नंबर शेड्युलिंगचा, म्हणजे वैमानिकांना फेऱ्या वाटणाऱ्या कंपनीच्या खात्याचा होता. सुट्टीच्या दिवशी शेड्युलिंगचा फोन घ्यायचा नाही, हे त्याने दोन वर्षं पाळलं होतं. नुसतं पाळलं नव्हतं, मिरवलं होतं. चारचौघांत वाजला की तो फोन सगळ्यांना दिसेल असा धरायचा, आणि वाजून वाजून थांबेपर्यंत ढेकूण बघावा तसा त्याच्याकडे बघायचा. त्या सकाळी त्याने तो उचलला.

"कॅप्टन कांगस? शेड्युलिंगमधून मार्व्हेला बोलतेय. उद्या सकाळी सांतो दोमिंगो, एक रात्र मुक्काम, परवा परत. दुप्पट पगार आहे. घेणार?"

"हो."

"तुम्ही राखीववर आहात, तेव्हा तुमचे दोन दिवस परत मिळतील. ते दिवस कसे—"

"माहीत आहे."

"नाही, मी एवढंच म्हणत होते, की नव्या करारात—"

"हजर कधी व्हायचं?"

"पहाटे. पण कॅप्टन, एक मिनिट—"

"ठीक," तो म्हणाला आणि फोन मिटला.

शेड्युलिंगशी असंच बोलायचं असतं. तिथलं प्रत्येक वाक्य कंपनी टेप करते, आणि जास्त बोललेला शब्द कधी गळ्यात येईल सांगता येत नाही, म्हणून जुने वैमानिक तिथे हो, नाही आणि ठीक यांपलीकडे जात नाहीत. तरुण पोरं तिथल्या बायकांना नावाने हाक मारतात, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करतात, नाताळला चॉकलेटं पाठवतात. लेलंडला त्याची किळस यायची. त्याच्या मते शेड्युलिंग म्हणजे कुठल्या तरी खिडक्या नसलेल्या खोलीत बसलेली, विमानाचा पंखसुद्धा जवळून न बघितलेली माणसं, जी दुसऱ्याचं आयुष्य चौकोनात भरतात. त्यांच्याशी तुटक बोलणं हा त्याला सभ्यपणाच वाटायचा. अधिक काही बोलला असता तर ते शिवीच्या जवळ गेलं असतं. पण त्या सकाळी फोन मिटल्यावर तो हातातच राहिला. समोरच्या काचेमागे शर्टांच्या बाह्या एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, सुटत होत्या. शेजारच्या बाकावर एक बाई लहान मुलांचे मोजे जोड्या लावून ठेवत होती, आणि तिच्या संथ बोटांकडे बघता बघता त्याला एकदम उकडायला लागलं. आपण हो म्हटलं. ते इतकं सोपं होतं याचाच त्याला राग आला. इतकी वर्षं ज्याला तो बुरुज समजत होता ते नुसतं दार निघालं, तेही ढकललेलं.

हो म्हणण्याचं कारण होतं, आणि ते कारण त्याच्या दृष्टीने चांगलं होतं. व्हर्नाची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ठरली होती, डुलूथच्या इस्पितळात. "तू आलास तर ये," ती फोनवर म्हणाली होती, आणि व्हर्नाच्या तोंडी हे वाक्य म्हणजे दुसऱ्या एखाद्या बाईने पदर पसरण्यासारखं होतं. पण पुढचा अख्खा आठवडा, सोमवार ते शनिवार, लेलंड राखीव होता. राखीव वैमानिक म्हणजे गाडीच्या डिकीतली स्टेपनी. कोणी आजारी पडला, कोणाचं विमान बर्फात अडकलं, की फोन येतो आणि निघायचं. नाही आला तर नुसतं पडून राहायचं, पण शहर सोडायचं नाही. त्याने त्या शुक्रवारची रजा मागितली होती, नाही मिळाली. माणसं कमी होती. माणसं कमी होती कारण कंपनीने शेकडो वैमानिकांना घरी बसवलं होतं, आणि उरलेल्यांतलं कोणी थकलं की त्याची ट्रिप दुप्पट पगाराला विकायला काढत होती. राखीव माणसाने आपल्या सुट्टीत अशी ट्रिप घेतली, तर पगार दुप्पट, शिवाय जितके दिवस सुट्टीतले गेले तितके दिवस पुढच्या राखीव दिवसांतून सुटतात. त्यांना परतफेडीचे दिवस म्हणतात. हे दिवस राखीव आठवड्याच्या शेवटी पडतात, हे त्याला वीस वर्षांपासून पाठ होतं. दोन दिवस म्हणजे शुक्रवार आणि शनिवार. हिशेब बसत होता.

बसत नव्हता तो एवढाच, की आपली माणसं घरी बसलेली असताना जादा ट्रिप घ्यायची नसते. हे कुठे लिहिलेलं नाही. तू घेतलेली प्रत्येक जादा ट्रिप म्हणजे कंपनीला एक माणूस परत न बोलावण्याची सोय, हे ज्याचं त्याला समजतं, आणि ज्याला समजत नाही त्याला बाकीचे समजावतात. लेलंड जिथे राहायचा, त्या क्यू गार्डन्समधल्या घरात एका खोलीत सहा जण झोपत. एकावर एक पलंग, नुसत्या पाठ टेकण्याचं भाडं. त्याच्या खालचा पलंग सोब्झॅकचा होता. सोब्झॅक घरी बसवलेल्यांतला. तो आता मिशिगनमध्ये बर्फ ढकलणारा ट्रक चालवत होता, पण बोलावणं येईल या आशेवर पलंगाचं भाडं भरत राहिला होता आणि त्याची चौकटीची गोधडी तशीच नीट घडी करून ठेवलेली होती. रात्री वरच्या पलंगावर चढताना लेलंडचा पाय त्या गोधडीवर पडायचा. तो दर वेळी ती परत सारखी करायचा, आणि सारखी करताना सोब्झॅकबद्दलही त्याला तुच्छता वाटायचीच: आशेवर भाडं भरणारा माणूस.

तशी ती त्याला कोणाबद्दल वाटत नव्हती? मिनीआपोलिसला तो सहवैमानिक होता तेव्हा ज्येष्ठतेच्या यादीत वर होता, हवे ते दिवस मिळत होते, घर होतं, घरात निदान काही काळ बायको होती. पण कॉकपिटमधल्या डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीवर बसणाऱ्यांबद्दल त्याला इतकी तुच्छता होती, की शेवटी ती खुर्ची घेतल्याशिवाय राहवेना. न्यूयॉर्कला कॅप्टनची जागा निघाली ती यादीच्या तळाशी, राखीव. त्याने घेतली. व्हर्ना तेव्हा हसली होती. "म्हणजे आता तू पलंगाचा कॅप्टन. वरच्या की खालच्या?" ती शाळेच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकीण होती, निवृत्त होईपर्यंत; शेकडो पोरांना वाढता वाढता तिची जीभ अशी झाली होती, की ती कोणालाच कॅप्टन म्हणू शकत नव्हती.

शर्ट वाळले. गरम शर्ट छातीशी धरून तो रस्त्याने निघाला, आणि त्याला ट्रेनॉर आठवला. आठवायचं काही कारण नव्हतं, म्हणून तो जास्तच आठवला. मागे एकदा, कंपनीने अशीच माणसं घरी बसवली होती तेव्हा, हॉलिस ट्रेनॉर नावाचा कॅप्टन मिळेल ती दुप्पट ट्रिप उचलत होता. लेलंडच्या वाट्याला त्याच्याबरोबर चार दिवसांची फेरी आली. रिवाज ठरलेला होता: अशा माणसाशी कामापुरतं बोलायचं. चाकं वर, चाकं खाली, फ्लॅप, तपासणीची यादी. बाकी शब्द नाही. ट्रेनॉर पहिल्या दिवशी हवामानाबद्दल बोलला, दुसऱ्या दिवशी बेसबॉलबद्दल, तिसऱ्या दिवशी त्याने संत्रं सोललं आणि अर्धं लेलंडच्या बाजूला, रेडिओच्या बटणांजवळ ठेवलं. लेलंड खिडकीबाहेर बघत राहिला. डोंगर ओलांडून उतरेपर्यंत त्या संत्र्याचा वास कॉकपिटभर होता. चौथ्या दिवशी ट्रेनॉर स्वतःशीच बोलायला लागला, अगदी हलक्या आवाजात, जसं म्हातारे घरात बोलतात. लेलंडने ही गोष्ट पुढे पुष्कळांना सांगितली, आणि प्रत्येक वेळी त्यातला स्वतःचा ताठ मणका त्याला पुन्हा जाणवायचा. व्हर्नाला सांगितली तेव्हा ती बटाटे सोलत होती. "चार दिवस तोंड फुगवून बसलास," ती म्हणाली, "आणि वर त्या चार दिवसांचा पगारही घेतलास. आम्ही शाळेत असल्या पोरांना दूध देत नव्हतो." त्याला राग आला होता. या बाईला तत्त्व म्हणून काही कळत नाही, असं त्याने मनात नक्की केलं, आणि तिने पुढ्यात ठेवलेलं जेवण जेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या उजवीकडे बॅस्कम नावाचा सहवैमानिक होता, तिशीतला, घरी बसवायच्या रेघेच्या जेमतेम वर राहिलेला. चांगला पोरगा. विमान धक्क्यावरून मागे सरेपर्यंत तो बायकोला दिवस गेल्याचं सांगत होता. मग त्याने कागद चाळले, त्यात लेलंडच्या नावापुढची खूण बघितली आणि थांबला.

"कॅप्टन, ही तुमची सुट्टीतली ट्रिप आहे?"

"हो."

"दुप्पटची?"

"इंजिन सुरू करायची यादी," लेलंड म्हणाला.

बॅस्कमने यादी वाचली. आणि मग तो गप्प झाला. लेलंडने तीन तास समुद्राकडे बघितलं. खाली पाणी जाड, हिरवं, मधूनच ढगांच्या सावल्यांनी डागाळलेलं. त्याला सांगता आलं असतं: माझी बहीण आहे, तिची छाती उघडणार आहेत, शुक्रवारी. पोरगा लगेच वितळला असता, माफी मागितली असती, कदाचित बायकोचंही काही सांगितलं असतं. पण कारण सांगणं म्हणजे त्या रांगेत जाऊन उभं राहणं, जिथे ट्रेनॉरसारखे सगळे आपापली कारणं हातात घेऊन उभे असतात. कारणाशिवाय कोणीच काही करत नाही, हे लेलंडला माहीत होतं, आणि म्हणूनच त्याला कारणांचा इतका तिटकारा होता. शिवाय पोरगा रिवाज चुकत होता. तो मधूनच सुस्कारा टाकत होता, घड्याळ बघत होता, बोटांनी मांडीवर ताल धरत होता. अबोला असा नसतो. अबोला दगडासारखा हवा, त्यात वेळ जात नाही असं दिसायला हवं. आपण कसा धरला होता ते लेलंडला आठवलं आणि आपल्याला वाळीत टाकणाऱ्याच्या कच्चेपणाची त्याला कीव आली. सांतो दोमिंगोला चाकं टेकली तशा मागच्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, तिथले लोक वाजवतात तशा, मनापासून, कोणी तरी देवाचे आभार मानले. बॅस्कमचा चेहरा हलला नाही. एरवी त्या टाळ्यांनी लेलंडच्या अंगावर काटा यायचा: बसचालकाला टाळ्या वाजवतात का कोणी? त्या दिवशी त्याला त्या थांबू नयेत असं वाटलं, अगदी थोडा वेळ, आणि मग त्या वाटण्याबद्दल तो स्वतःशी इतका तुसडेपणाने वागला, की रात्री हॉटेलात त्याने जेवणही मागवलं नाही.

परत आल्यावर रविवारी त्याने क्यू गार्डन्सच्या घरातल्या सामाईक संगणकावर आपलं वेळापत्रक उघडलं. परतफेडीचे दिवस मांडलेले होते. सोमवार आणि मंगळवार. बुधवारपासून शनिवारपर्यंत राखीव. त्याने पडदा पुसला, जणू काही चौकोन धुळीने सरकले असतील. मग फोन केला. नेमकी मार्व्हेलाच होती.

"हे चुकलंय. दिवस शेवटी पडतात."

"पडायचे, कॅप्टन. जुन्या करारात. आता राखीव आठवड्याच्या सुरुवातीला पडतात."

"हे कोणी ठरवलं?"

"तुम्हीच लोकांनी. मतदान झालं ना? मी त्या दिवशी सांगतच होते. ट्रिप घेण्याआधी सांगितलं असतंत तर टेपवर नोंदवून पुढे ढकलता आले असते. पुष्कळ जण तसं करतात."

"मग आता ढकला."

"आता नाही होत. दिवस एकदा मांडले की मांडले." तिचा आवाज खाली आला. "काही घरचं होतं का?"

"ते तुम्हाला काय करायचंय?" लेलंड म्हणाला.

नवा करार त्याने वाचला नव्हता. पगार कापणारा, माणसं घरी बसवणारा, कंपनीपुढे लोटांगण घालणारा करार. त्याने विरुद्ध मत दिलं होतं, आणि तो मंजूर झाल्यावर घरी आलेलं जाडजूड पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनासकट पलंगाखाली फेकून दिलं होतं. ज्या गोष्टीला आपण नाही म्हटलं ती उघडून बघणं म्हणजे तिला अर्धं हो म्हणणं, असं त्याला वाटलं होतं. खोलीतल्या बाकीच्यांनी निमूटपणे वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या, त्यातल्या फटी शोधल्या. तो त्यांना गुमास्ते म्हणायचा. आता गुमास्त्यांना सगळं माहीत होतं.

तरी तो सोमवारी निघालाच, विमानात कर्मचाऱ्यांना मिळते त्या फुकटच्या जागेवरून, आधी मिनीआपोलिस आणि मग डुलूथ. दिवस मिळालेच होते तर न्यूयॉर्कला बसून काय करायचं, एवढाच विचार त्यामागे होता. व्हर्नाने दार उघडलं. ती बारीक झाली होती, पण अंगात बापाचा जुना स्वेटर होता, म्हणून किती ते कळत नव्हतं.

"शुक्रवार लवकर आला की काय?"

"दिवस चुकीचे दिले. हरामखोरांनी."

"कोणी?"

"कंपनीने. नियम बदललाय."

"बरं. पाय पूस." तिने त्याच्या हातातली बॅग घ्यायला हात पुढे केला, आणि मग स्वतःच मागे घेतला, तेवढं तिने त्याला दिसू दिलं.

ओव्हनमध्ये मांस-बटाट्याच्या पोळ्या होत्या, बापाला ती खनिज भरायच्या बंदरावर डब्यात द्यायची तशा, कडा चिमटीने दुमडलेल्या. तिने एक दिली, स्वतः घेतली नाही. त्या दोन दिवसांत तिला एकच गोष्ट करायची होती, आणि ती तिने जेवतानाच सांगितली. तळ्यावर गोठलेल्या बर्फावर बापाची मासे धरायची झोपडी होती, लाकडी, चाकांवरची. बर्फ वितळायच्या आधी ती काठावर ओढून आणायचा सरकारी नियम आहे, आणि दर मार्चमध्ये ती शेजाऱ्याकडून आणवून घ्यायची. या वर्षी तिला स्वतः जायचं होतं. ट्रक लेलंडने चालवायचा. आणायच्या आधी तासभर आत बसायचं, बर्फाला भोक पाडायचं, मिळाला तर मासा धरायचा.

"या छातीने तू बर्फावर जाणार?"

"छाती काय, शुक्रवारी नवीनच बसवतायत. तोवर जुनी वापरून घेते."

"उद्या बघू," तो म्हणाला. "उद्या आधी मला एक-दोन फोन करायचेत."

मंगळवारी सकाळपासून तो फोनवर होता. वैमानिकांच्या संघटनेचा प्रतिनिधी, मग त्याचा वरचा, मग मुख्य वैमानिकाच्या कचेरीतली बाई, जिने त्याचं नाव दोनदा चुकवलं. प्रश्न आता शुक्रवारचा राहिला नव्हता, किंवा होता, पण त्याच्यावर दुसरं काही चढलं होतं. त्याला ते दिवस परत करायचे होते. हे दोन दिवस घ्या आणि ते दोन द्या, इतकं साधं, आणि इतकं साधं असून एकालाही ते करता येत नव्हतं, ही गोष्ट त्याला सगळ्या जगाच्या नालायकीचा पुरावा वाटत होती, आणि पुरावा जसजसा भक्कम होत गेला तसतसं त्याला बरं वाटत गेलं. फोन कानाला लावून, थांबा म्हणून वाजवलेलं संगीत ऐकत, तो स्वयंपाकघरातून येरझारा घालत होता. खिडकीबाहेर ऊन पडलं होतं. शेजाऱ्याचा ट्रक दारात आणून लावलेला होता, किल्ली टेबलावर होती. व्हर्ना बूट घालून खुर्चीवर बसली होती. बूट घालायला तिला वेळ लागला होता, मधे दोनदा थांबावं लागलं होतं, ते त्याने पाहिलं होतं. फोनवर बोलता बोलता पाहिलं होतं.

"लेलंड."

त्याने हात वर केला, थांब म्हणून.

"लेलंड, ऊन जाईल."

"हे बघ, हे मी तुझ्यासाठीच करतोय. शुक्रवारी इथे असायला नको मी?"

 ती म्हणाली, "शुक्रवारी तू इथे असशील तेव्हा मी बेशुद्ध असेन. आज मी शुद्धीवर आहे."

हे त्याला ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला, आणि त्यातला थट्टेचा सूरही, जो होता आणि नव्हता. पण त्याच क्षणी संगीत थांबलं, कोणी तरी "हॅलो" म्हणालं, आणि तो पाठ फिरवून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला: राखीव, दुप्पट, परतफेड, सुरुवातीला, शेवटी. आपल्या आवाजात आलेली धार त्याला आवडत होती. मुद्दा मुद्द्याला घट्ट बसत होता. मागे खुर्ची सरकली, बूट काढल्याचा आवाज झाला, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा. ऊन गेलं तेव्हा पलीकडचा माणूस त्याला सांगत होता, की तक्रार लेखी करा, महिन्याभरात उत्तर येईल. संध्याकाळी परसातल्या सौनाची, वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीची, चूल तिने स्वतः पेटवली. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. तो पुढच्या फोनवर होता. भिंतीपलीकडून तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला, मग शांतता, मग पुन्हा पाणी. लहानपणी ती त्याला तिथल्या वरच्या, जास्त तापणाऱ्या फळीवर बसवायची आणि सहन झालं नाही तर खाली ये, लाज वाटून घेऊ नको, असं सांगायची. तो कधीच खाली यायचा नाही. डोळ्यांसमोर काजवे चमकेपर्यंत बसून राहायचा, आणि खालच्या फळीवर बसलेल्या तिला कच्ची समजायचा.

रात्री ती त्याला एवढंच म्हणाली, "जिंकलास का?"

"लेखी करायला सांगितलंय."

"मग कर. अक्षर चांगलं काढ."

बुधवारी अंधारातच तो निघाला. झोपडी बर्फावरच होती. विमान वळलं तेव्हा तळं पंखाखालून गेलं, पांढरं, त्यावर ठिपके, त्यातला आपला कुठला हे त्याला ओळखता आलं नाही. त्याला वाटलं, बाई हट्टी आहे, नेहमीचीच. त्याला वाटलं, पुढच्या वर्षी बघू. त्याला आणखीही काही वाटायला लागलं होतं, पण मिनीआपोलिसच्या विमानतळावर त्याला एक तरुण कॅप्टन भेटला, टोपी मागे सारलेला, च्युइंगम चघळणारा, आणि त्याच्याकडे बघण्यात ते निघून गेलं.

शुक्रवारी तो क्यू गार्डन्सच्या खोलीत वरच्या पलंगावर पडून होता. गणवेश इस्त्री करून दाराला टांगलेला. फोन छातीवर. हाताच्या अंतरावर छत होतं, आणि छताला ओल येऊन एक डाग पडला होता, त्याचा आकार कशासारखा आहे ते तो ठरवत होता आणि बदलत होता. सकाळी शेड्युलिंगचा फोन आला नाही. खोलीतले बाकीचे उठले, आंघोळी केल्या, गेले. बॅस्कमने कोणाला तरी सांगितलं असावं, कारण कोणी त्याला कॉफी हवी का विचारलं नाही. किंवा नेहमीच विचारत नसतील आणि आजच त्याच्या लक्षात आलं असेल. दुपार झाली. एवढ्या मोठ्या कंपनीत आज कोणी आजारी पडलं नाही, कुठे बर्फ नाही, कुठलं इंजिन बिघडलं नाही. एकाही विमानाला आज त्याची गरज नव्हती. त्याने मनात त्या सगळ्यांना शिव्या दिल्या, सुरळीत चाललेल्या प्रत्येक विमानाला, निरोगी असलेल्या प्रत्येक कॅप्टनला, आणि शिव्या देता देता त्याच्या ध्यानात आलं, की आपण फोनच्या वजनाखाली श्वास हळू घेतोय, ते वजन हलू नये म्हणून. मग फोन वाजला. आयलीन होती. तिने मामा म्हणून हाक मारली, आणि तो, सवयीने, "हो," म्हणाला. मग, "ठीक."

व्हर्ना कांगस ओस्टबी शुक्रवारी, ५ मार्च २००४ रोजी दुपारी, डुलूथच्या इस्पितळात शस्त्रक्रिया चालू असताना वारली. ती सहासष्ट वर्षांची होती. तो अख्खा दिवस लेलंड कांगस राखीव होता. कंपनीने त्याला बोलावलं नाही.